दोन्ही बाजूंची तकरीर

गावाचा इतिहास लिहिणाऱ्याचा वाचक फार जवळ राहतो. पानिपतावर लिहिणाऱ्याला आपल्या पुस्तकातली घराणी आठवडी बाजारात भेटत नाहीत, मला भेटतात. ज्यांच्या पूर्वजावर अडीचशे वर्षांपूर्वी शिवेचा दगड सरकवल्याचा आळ आला होता, त्यांच्या घरातला आजचा मुलगा एसटीत शेजारी येऊन बसतो, माझे तिकीट काढायचा आग्रह धरतो आणि विचारतो, ‘‘ताई, आमचं काही सापडलं का दप्तरात?’’

सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरच्या खेड्यांवर मी लिहिते. पत्रे येतात, फोन येतात, कोणी पिशवीत कागद घालून दारात उभे राहते. बहुतेकांना कामाची माहिती हवी असते. सुरुवात कुठून करायची, मोडी किती दिवसांत येते, छपाईला पैसे कोण देतो. ही उत्तरे मी आनंदाने देते. काही प्रश्नांपाशी मात्र हात थांबतो, आणि त्या थांबण्यात विचार किती आणि भीती किती, हे मला स्वतःशी तपासून घ्यावेसे वाटते.

आधी सोप्या प्रश्नांविषयी. ‘‘सुरुवात कुठून करू?’’ असे विचारणाऱ्याला मी त्याच्याच घराच्या माळ्यावर पाठवते. जुनी पेटी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, आजोबांच्या कज्ज्यांच्या फायली. भोर संस्थानातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. आज शासन पाळते ती १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्या शकावलीतल्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या नोंदीशी जुळते. एका घराने जपलेली थोडीशी पाने होती ती. म्हणून मी कळकळीने सांगते, घरचे कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. त्याने जुना कागद कायमचा जातो. सुती फडक्यात बांधा, ओल आणि कसर यांपासून जपा, प्रत्येक पानाचा पुढून आणि पाठीमागून फोटो घ्या, कारण पाठीवरच्या शेऱ्यात कधी कधी सगळा निकाल असतो. आणि मूळ कागद कोणालाही घरी नेऊ देऊ नका. मलासुद्धा. अभ्यासाला म्हणून गेलेली दप्तरे परत आली नाहीत, हे दुःख मी इतक्या उंबऱ्यांवर ऐकले आहे, की मी तिथेच सतरंजीवर बसून वाचते आणि उठताना रुमाल पुन्हा बांधून घरच्या माणसाच्या हातात देते.

घरानंतर गावचे दगड. देवळाच्या आवारातले वीरगळ, सतीशिळा, आणि ज्याच्याकडे माणसे लाजून पाहत नाहीत तो गधेगळ, म्हणजे गाढवाचे चित्र कोरलेला शापाचा दगड. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा मराठी लेख गधेगळावरच कोरलेला आहे. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ सालचा ग्रंथ जवळ ठेवावा, असे मी नेहमी सांगते. त्यातून दगडाकडे कसे पाहायचे ते कळते. दगडावर शेंदूर असेल तर तो खरवडू नये. ज्या गावाचा तो देव आहे त्या गावाला विचारावे, आणि नाही म्हटले तर परत यावे.

मोडीची अक्षरओळख लवकर होते. वाचन यायला वेळ लागतो, कारण अक्षराआधी त्या काळचा कारभार कळावा लागतो. तारखेचेच पाहा. कागदावर ‘सन तिसा सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी आकडे झाले ११७९. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला सुरू होते. म्हणजे इसवी सन १७७८–७९. पुढे ‘छ’ आणि मुसलमानी महिन्याची चंद्रतिथी. मोडकांची किंवा खऱ्यांची जंत्री उघडल्याशिवाय तारीख लिहू नये. हे सगळे शिकवताना मला खरोखर सुख वाटते. तालुक्याच्या कॉलेजातली मुले पहिल्यांदा आपल्या गावाचे नाव मोडीत वाचतात तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

आता अवघड भागाकडे येते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले, तरी बहुतेक रुमाल न छापलेलेच राहिले. हे कागद एका जागी का आले, हे मी वाचकांना सांगते तेव्हा पुष्कळांना नवल वाटते. इंग्रज सरकारला इनामे खरी की खोटी हे ठरवायचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि जुनी सरकारी दफ्तरे व वतनदारांच्या सनदा तपासणीसाठी गोळा झाल्या. ज्याच्याकडे जमीन होती, वतन होते, हक्क होता, त्याचा कागद टिकला. ज्याने कज्जा केला किंवा ज्याच्यावर गुन्हा लागला, त्याचे नाव राहिले. गावातल्या उरलेल्या माणसांनी दफ्तरात शिरावे असे काही कारणच नव्हते. मी जेव्हा म्हणते की मी गावाचा इतिहास लिहिला, तेव्हा खरे पाहता मी वतनदारांच्या तंट्यांवरून गाव रचलेले असते. वाचकाला हे पहिल्याच प्रकरणात सांगणे माझ्यावर बंधनकारक आहे. परिशिष्टातल्या बारीक टाइपात सांगून भागणार नाही.

‘‘आमचा मूळ पुरुष कोण?’’ हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. विचारणारा बहुधा वयस्क असतो, हस्ताक्षर जपून काढलेले असते, आणि पत्रातच उत्तर दडलेले असते: आम्ही मूळचे राजपुतान्यातले, महाराजांबरोबर लढलेले, असे वाडवडील सांगत. त्यांना मी काय लिहावे? तुमचा सर्वांत जुना कागद अमुक सालचा आहे आणि त्यात एवढेच लिहिले आहे, असे कळवताना मला वाईट वाटते. ‘असेलही’ हा शब्द तेव्हा जिभेवर येतो. त्यात खोटे काही नसते, माणूस सुखावतो, आणि पुढच्या यात्रेच्या स्मरणिकेत ‘इतिहास संशोधकांच्या मते’ म्हणून माझ्या नावाने ते छापून येते. गावची किती शौर्याची प्रकरणे अशा एखाद्या कनवाळू ‘असेलही’वर उभी असतील, याचा विचार मनात येतो तेव्हा मी लिहिलेले पत्र पुन्हा वाचते.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याची सरकारी मोहीम सुरू झाली आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी वेगळेच महत्त्व आले. कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंद असलेला गावनमुना १४, शाळेचे जुने रजिस्टर. मोबाइलवरचा पुसट फोटो घेऊन एखादी आई समोर बसते. मुलाच्या प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते. जातीच्या रकान्यातले अक्षर अर्धे कसरीने खाल्लेले. ते अक्षर तिच्या बाजूने वाचावे असे मला मनापासून वाटते, हे मी लपवत नाही. म्हणूनच तिथे मी एक रीत कडक ठेवली आहे. दिसते ते लिहायचे, दिसत नाही तिथे टिंबे द्यायची, आणि वाचन कोणासाठी चालले आहे हे न पाहता तीच रीत सर्वांना लावायची. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार माझा नाही, हेही त्या आईला समजेल अशा शब्दांत सांगायचे. ती निराश होऊन जाते तेव्हा तो दिवस जड जातो. त्या जडपणाला माझ्याकडे उपाय नाही.

नव्या आवृत्तीचा मसुदा तपासताना मला आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या वाक्यांत पाटील ‘म्हणाले’, कुलकर्णी ‘आले’, देशमुख ‘वारले’. महार ‘म्हणाला’, मांग ‘आला’, रामोशी ‘मेला’. मी ठरवून असे लिहिले नव्हते. मूळ कागदांची भाषा तशी आहे, जुन्या इतिहासग्रंथांची तशी आहे, आणि माझ्या कानांवर लहानपणापासून तेच पडले. ज्या माणसाच्या शब्दावर शिवेचा तंटा मिटायचा, ज्याने गावाच्या हद्दीवरून चालत जाऊन ‘इथून तिथवर’ असे दाखवायचे आणि दोन्ही गावांनी ते मानायचे, त्या महाराला मी माझ्या पुस्तकात अरे-तुरे करणार होते. कागदातला मजकूर मी बदलणार नाही. अवतरणात तो जसाच्या तसा राहील. माझी स्वतःची वाक्ये मात्र मी सर्वांसाठी सारखी केली. हे करताना हाताला सवय नसल्यामुळे चुकल्याचुकल्यासारखे वाटत राहिले, त्यावरून मुरलेल्या सवयीची खोली समजली.

महार समाजातल्या वाचकांचा प्रश्न साधा असतो: ‘‘आमच्याविषयी पान दीड पान का?’’ त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. बलुतेदारांचे हक्क आणि कामे त्यात बारकाईने आली आहेत. तरी तो कारभार पाहणाऱ्याच्या नजरेतला गाव आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे बिल मांडले. त्या वतनाच्या जोखडाचा शेवट १९५८ च्या कायद्यापर्यंत लांबला. म्हणजे वेठबेगार केलेल्यांची मुले, नातवंडे आज हयात आहेत. त्यांच्याकडे कागद नसेल, आठवण आहे. सारा पोहोचवायला कोणत्या वाटेने जायचे, साहेबाचा मुक्काम पडला की काय काय न्यावे लागायचे, बदल्यात किती भाकरी मिळायच्या. बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांच्या सनदेची कथाही ते सांगतात. पाटलाच्या घरची कथा मी ‘परंपरा’ म्हणून आदराने नोंदवते आणि ही ‘दंतकथा’ म्हणून बाजूला ठेवते का, हे मी स्वतःला विचारले. दोन्हींना एकच नाव दिले पाहिजे आणि दोन्हींची छाननी सारखीच झाली पाहिजे. पान दीड पानाचे पुढच्या आवृत्तीत एक मोठे प्रकरण होते आहे. त्यातला बराचसा मजकूर सांगणाऱ्यांच्या शब्दांत आहे, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवला आहे.

एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘गावाच्या इतिहासात बायका कुठे आहेत?’’

आहेत. कोणी दत्तक घेण्यासाठी भांडलेली विधवा, कोणी विहिरीला पैसे दिलेली सावकारीण. आणि काही अशा, ज्यांचे नाव केवळ एका आळामुळे उरले. पेशवाईत ‘शिंदळकी’चा ठपका आला की बाईला सरकारात कुणबीण म्हणून ठेवत, गडावर, कोठीत, पागेत राबवत. अशा याद्यांमधून नाव येते, ‘कोम’ म्हणून नवऱ्याचे नाव येते, शिधा येतो, लुगडे येते. ती काय म्हणाली, ते बहुधा नसते. आळ घेणारा कोण, त्याचे तिच्याशी, तिच्या शेताशी काय लागत होते, तेही नसते.

अशी एक नोंद माझ्याजवळ आहे. गाव माझ्या पुस्तकातले आहे आणि नवऱ्याचे आडनाव आजही गावात आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढून आपल्याला अस्सल कागद छापण्याचे वळण लावले, त्या वळणात वाढलेल्या मला नाव गाळणे हे पाप वाटते. नाव छापले तर गावाला तिच्याविषयी कळणारी एकमेव गोष्ट तिचा छळ करणाऱ्यांनी लिहिलेली असेल. गाळले तर ती नव्हतीच, असे होईल. मी किती काळ या पानावर अडले आहे! त्या घराला लाज वाटेल म्हणून मी थांबले, अशी मनाची समजूत मी काही दिवस घातली. मग ध्यानात आले की त्याच पुस्तकात एका गरीब घराच्या पूर्वजाची चोरी मी नावनिशीवार लिहिली होती आणि मला काहीच वाटले नव्हते. नवऱ्याचे ते घर आज गावात वजनदार आहे. माझा संकोच त्या बाईसाठी होता की त्या घराच्या वजनासाठी?

हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याकडे नाही. सध्या मी असे ठरवले आहे. तिचे स्वतःचे नाव छापायचे. नवरा आणि घर यांची नावे पुस्तकात द्यायची नाहीत, त्या चोरीतल्या माणसाचे आडनावही काढायचे. रुमालाचा क्रमांक द्यायचा, म्हणजे अभ्यासकाला मूळ कागद गाठता येईल. आणि लिहायचे की हा आळ आहे, तिचे म्हणणे नोंदलेले नाही, शिक्षेनंतर तिच्याकडून बिनमोल काम करून घेतले गेले, त्याचा लाभ सरकारला झाला. हे लिहिताना तिची बाजू मी मनाने रचणार नाही. ती कशी होती, तिला काय वाटले असेल, असे हळवे परिच्छेद लिहायचा मोह होतो; तिच्या तोंडी माझे शब्द घालण्याचा हक्क मला कोणी दिला?

पैशांचा प्रश्न त्या मानाने लवकर संपतो. गावाचा इतिहास प्रकाशक सहसा घेत नाहीत. ग्रामस्थ वर्गणी काढतात, मुंबईचे चाकरमानी भर घालतात, प्रकाशन यात्रेच्या दिवशी होते. वर्गणी घ्यायला हरकत नाही. देणगीदारांची यादी छापा, रकमेसकट छापा. मजकूर मात्र छपाईआधी कोणाही देणगीदाराला मंजुरीसाठी दाखवायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगायला धीर होत नाही. नारायण गोविंद चापेकर यांचे १९३३ सालचे ‘आमचा गाव बदलापूर’ वाचा. माणसाने आपल्या गावाकडे किती शांतपणे पाहावे, याचा तो वस्तुपाठ आहे. आणि पुस्तक निघाले की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवा. गावच्या माणसांना ही सरकारी कटकट वाटते. पण गावातल्या प्रतींना वाळवी लागेल तेव्हा तिथली प्रत राहिलेली असेल.

शेवटी एक पत्र, ज्याचे उत्तर मी अलीकडेच पाठवले. पत्र लिहिणाऱ्यांच्या पूर्वजांनी पाटीलकीसाठी मोठा तंटा मांडला होता. निवाडा विरुद्ध गेला आणि त्यांना यजितखत लिहून द्यावे लागले, म्हणजे आपण हरलो असे स्वहस्ताक्षराने कबूल करावे लागले. मी ते पुस्तकात छापले. पत्रात रागाचा शब्द नाही. घरात लग्नाच्या मुली आहेत, पाहुणे पुस्तक चाळतात, नव्या आवृत्तीत ते पान काढाल का, एवढेच विचारले आहे. आणि खाली लिहिले आहे, आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे गोतातली, म्हणजे निवाडा देणाऱ्या सभेतली, माणसे फोडली गेली होती.

मी त्या तंट्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, पुन्हा काढला. निवाडा देण्याआधी गोताने अग्रवादी आणि पश्चिमवादी, म्हणजे वादी आणि प्रतिवादी, या दोघांचीही तकरीर, म्हणजे म्हणणे, लिहून घेतली आहे; हरणाऱ्याचे म्हणणे जिंकणाऱ्याच्या म्हणण्याइतकेच लांब आहे. खाली पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या आहेत. माझ्या पुस्तकात मी निवाडा दिला होता आणि त्यांची तकरीर जागेअभावी चार ओळींत आटोपली होती. गावाच्या सभेने जेवढे ऐकून घेतले तेवढेही ऐकून घेण्याची सोय मी माझ्या वाचकाला ठेवली नव्हती.

त्यांना मी कळवले की पान राहील. त्यासमोर त्यांच्या पूर्वजांची तकरीर पूर्ण छापली जाईल, आणि आजीने सांगितलेली हकीकत त्यांनी स्वतः लिहून, सही करून द्यावी, तीही जाईल. गोत फोडल्याचा पुरावा मला कागदात सापडलेला नाही, असे मी तिच्याखाली माझ्या नावाने लिहीन, हेही आधीच सांगितले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. किती पाने मिळतील, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, लागतील तेवढी घ्या, फक्त आजीकडून ऐकलेले आणि कागदात वाचलेले वेगवेगळे लिहा. ते म्हणाले, आजीच्या धाकट्या बहिणी अजून आहेत, एक फलटणला आणि एक मुंबईला. आधी त्यांना विचारून येतो.